हाक आणि ओ

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

खट्, खट्, खटाखट्, खट्. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळी दहाला हा आवाज सुरू व्हायचा. दुकानांची दारं उघडली, कचेऱ्यांतली माणसं खुर्च्यांवर टेकली, की गावभर तबकड्या फिरू लागत आणि आमच्या लोखंडी मांडण्यांवरचे स्विच एकेका आकड्यानिशी एकेक पायरी वर चढत. पितळी परातीत कुणी हरभऱ्याचं पोतं सावकाश ओततंय, असं वाटे. पस्तीस वर्षं मी लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली आणि आता तू फोनवर बोललीस तर माझ्या कानाशी नुसती माशी गुणगुणते. म्हणून हा पत्रांचा उपद्व्याप. पण ते हरभरे मात्र अजून रोज दहाच्या ठोक्याला ऐकू येतात.

तुझ्या आईचं पत्र आलं. तू दुसरी नोकरी शोधते आहेस, मुलाखतींच्या तीनतीन फेऱ्या असतात, त्यात मशीन पुढ्यात ठेवून परीक्षा घेतात, असं तिनं लिहिलंय. मला तुझ्या कामातलं एवढंच कळतं, की लोक ज्या यंत्रांवर विसंबतात पण जी त्यांना दिसत नाहीत, ती तू चालती ठेवतेस. म्हणजे तू माझंच काम करतेस. आमचीही खोली कुणी पाहिलेली नव्हती. ती बंद पडली की मात्र सगळ्यांना तिची आठवण यायची.

तेव्हा तू लहानपणापासून ऐकलेलीच एक गोष्ट पुन्हा शिदोरी म्हणून देतो. शाळेत आमचे मास्तर वर्गाचे दोन भाग करत. खिडकीकडच्या बाकांनी कवितेची पहिली ओळ म्हणायची, भिंतीकडच्यांनी दुसरी. भिंतीकडचा एखादा गप्प बसला तर कविता तिथंच एका पायावर उभी राही आणि मास्तरही तिच्यासोबत उभे राहत. एक्स्चेंजमध्ये माझा जोडीदार आणि मी तीच रीत लावली होती. कुठल्याही रांगेचा फ्यूज काढायचा तर त्यानं रांगेवरच्या पाटीखाली बोट ठेवून आकडा मोठ्यानं वाचायचा, मी तोच आकडा परत म्हणायचा, आणि मगच दोघांपैकी एकानं हात लावायचा. त्याला आम्ही ‘हाक आणि ओ’ म्हणत असू. ओ आली नाही तर हात वर करायचा नाही.

एकदाच ती रीत मोडली. जोडीदार हाक द्यायला विसरला, सातव्या रांगेऐवजी आठव्या रांगेचा फ्यूज निघाला आणि अर्धं गाव पाऊण तास मुकं झालं. दवाखाना, अग्निशामक, सगळे त्याच रांगेत. चौकशी झाली. असो. एवढंच, की तू घाई करू नकोस.

मुलाखतीत काय विचारतात ते सविस्तर कळव. आणि चांगली चाललेली नोकरी का सोडते आहेस, तेही.

तुझा
मामा


९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामास, साष्टांग नमस्कार.

(मायना तू शिकवलास तसाच लिहिलाय. पुढे मात्र मला लिहिता येतं तसंच लिहिणार.)

तू शेवटी सहज म्हणून विचारलंस तेच नेमकं मला कुणी विचारू नये असं वाटतं. मामा, मी नोकरी सोडत नाहीये. सुटून दोन महिने झाले.

आईला माहीत नाही. मी रोज साडेआठला डबा आणि लॅपटॉप घेऊन निघते आणि चार चौक पलीकडच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसते. तिथं वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांची एक टोळी आहे. त्यांना वाटतं मी मोठ्या परीक्षेला बसल्ये. एकानं तर मला आशीर्वादही दिला. साडेपाचला घरी येते आणि जिना चढताना दमल्यासारखा चेहरा करते. आता तो करावा लागत नाही, आपोआप येतो.

झालं असं. मी पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीची मशीनं सांभाळायचे. एक खरं मशीन, एक सरावाचं. दोन्हींच्या खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी, दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं. सरावाच्या मशीनवरची माहिती पुसून पुन्हा भरायची होती. मी आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं, आणि मग डावीकडच्या कोपऱ्यातलं मशीनचं नाव बघितलं. चुकीची खिडकी. चौदा गोदामांतली पार्सलं साडेतीन तास जागच्या जागी. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून सगळं परत आलं, पण ते साडेतीन तास माझ्या खुर्चीमागे नऊ माणसं उभी होती.

साहेब फार गोड बोलले. म्हणाले, स्वतःहून राजीनामा दे, म्हणजे तुझा कागद स्वच्छ राहील. कागद स्वच्छ आहे. माझाच हात घाण झाल्यासारखा वाटतो. एंटर दाबायच्या आधी बोट थरथरतं, घरी आईचं वीजबिल भरतानासुद्धा.

आता ही नवी जागा. मोठं काम आहे, शेकडो मशीनं. पहिली फेरी फोनवर झाली. एक जण म्हणाला, संगणकावर एखादा पत्ता टाइप करून एंटर दाबल्यावर काय काय घडतं, ते सुरुवातीपासून सांगा. मी अकरा मिनिटं बोलले. नावाचा आकडा कोण करून देतं, रस्ता कोण दाखवतं, दार कोण उघडतं, सगळं. बोलता बोलता तुझे ते पायऱ्या चढणारे स्विच डोळ्यांपुढे आले आणि मग भीती गेली. त्या फेरीत पास झाले.

वीस तारखेला दुसरी फेरी, मशीनवरची. त्यानंतर तिसरी, मुख्य बाईंबरोबर. त्या म्हणे प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात : तुमच्या हातून झालेला सगळ्यात मोठा घोळ कोणता? मामा, मी काय सांगू? खरं सांगितलं तर कोण घेईल? आणि ही जागा गेली तर एक दिवस आईला सगळं सांगावं लागेल. वाचनालयात मी किती दिवस बसू? त्या टोळीत आता माझी खुर्ची ठरलेली आहे.

तुझी
भिंगरी

ता. क. आईला लिहू नकोस. शपथ आहे.


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उभ्यानं वाचलं आणि मग कितीतरी वेळ तिथंच राहिलो. समोरचे शिंपी विचारायला आले, बरं नाही का. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर होता.

आईला लिहीत नाही. निर्धास्त राहा.

आता माझं ऐक. अजिबात सांगू नकोस. कागद स्वच्छ आहे ना? मग तो स्वतःच्या हातानं कशाला मळवायचा? खरं बोलणाऱ्याला शाबासकी मिळते ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यात. त्या धड्याखाली स्वाध्याय असतो, नोकरी नसते. बाईंनी प्रश्न विचारलाच, तर हेच सगळं घडलेलं सांग, पण दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं असं सांग. ‘माझ्या एका सहकाऱ्यानं’ अशी सुरुवात कर. काय चुकलं, कसं सावरलं, त्यातून काय शिकलात, हे सगळं खरंच असेल. फक्त हात कुणाचा, तेवढं बदल. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. तो सहकारी मुळात नाहीच, तर त्याचं काय जाणार?

हे मी तुझ्या काळजीनं लिहितो आहे. जग कसं चालतं ते मी खुर्चीत बसून पाहिलं आहे.

बोट थरथरतं त्यावर मात्र औषध आहे. हाक दे. कुणी हसलं तर हसू दे. मशीनचं नाव मोठ्यानं वाच, मग हात लाव. वीस तारखेला सकाळी दहापासून मी खिडकीपाशी बसून आहे असं समज. माझं टेबल दाराशेजारच्या खिडकीलाच लावलेलं आहे. दारावरची बेल मला ऐकू येत नाही म्हणून तिला एक्स्चेंजमधला जुना तांबडा दिवा जोडला आहे. पोस्टमन बेल दाबतो आणि इथं दिवा लागतो. त्या दिव्याकडे बघत बसेन.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

पास झाले. मायना राहिला, पुढच्या पत्रात दोनदा लिहीन.

लहानशी खोली होती, एका भिंतीला काच. एक टेबल, एक मशीन, समोर दोघं. एक जण सतत बॉलपेनचं टोपण चावत होता, दुसरा काहीतरी लिहीत होता. म्हणाले, या मशीनची डिस्क काठोकाठ भरल्ये, कामं अडकल्येत, मोकळी करून दाखवा. चाळीस मिनिटं.

मी सगळ्या फाईली मोजल्या. त्यांची बेरीज डिस्कच्या निम्मीही भरेना. पुन्हा मोजल्या, तेवढीच. मशीन म्हणतंय मी भरलंय, आणि आत बघावं तर अर्धं घर रिकामं. टोपणवाल्यानं घड्याळाकडे बघितलं. वाटलं, झालं, आता वाचनालयातल्या आजोबांना मी काय सांगू.

मग लक्षात आलं. मामा, हे तुला सांगायलाच हवं, तुला आवडेल. कधी कधी असं होतं की एखादी फाईल कुणीतरी पुसून टाकलेली असते. यादीतून तिचं नाव गेलेलं असतं, कुठं शोधली तरी दिसत नाही. पण मागे चालू असलेला एखादा प्रोग्रॅम ती अजून हातात धरून बसलेला असतो, कारण त्याला कुणी सोडायला सांगितलेलंच नाही. तो सोडत नाही तोवर तिनं अडवलेली जागा मोकळी होत नाही. नाव नाही, पण वजन तेवढंच. मी तो प्रोग्रॅम शोधून काढला. त्याला थांबवून पुन्हा सुरू करायचं होतं, आणि बोट थरथरायला लागलं.

मी पडद्यावरच्या नावाखाली बोट ठेवलं आणि मशीनचं नाव मोठ्यानं वाचलं. टोपणवाला म्हणाला, आमच्याशी बोलताय की मशीनशी?

मी म्हटलं, “मशीनचं नाव वाचत्ये. तुम्ही तेच परत म्हणालात तर मी पुढे जाईन.”

तो हसला. पण लिहिणाऱ्यानं मान वर करून ते नाव परत म्हटलं, अगदी शाळेतल्यासारखं. मी एंटर दाबलं. डिस्क भस्सकन अर्धी रिकामी. मी केवढा सुस्कारा सोडला म्हणून सांगू, काचेपलीकडच्या माणसानंसुद्धा वळून बघितलं.

सत्तावीस तारखेला मुख्य बाई. ‘माझ्या एका सहकाऱ्यानं’ पाठ करत्ये. आरशासमोर बरं वाटतं, आईसमोर भाजी निवडताना मनात म्हटलं तर बरं वाटत नाही. आज तिनं विचारलं, ऑफिसात सगळं नीट ना? मी म्हटलं, हो, एक मशीन भरलं होतं, रिकामं केलं. दोन महिन्यांत तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

हे कार्ड तुला सत्तावीसच्या आत मिळावं म्हणून स्वतः टपाल कचेरीत जाऊन टाकतो आहे. शाब्बास.

त्या पुसलेल्या फाईलीचं मी तीनदा वाचलं. नाव नाही, पण वजन तेवढंच. एक विचारतो : असं धरून बसलेल्याला बाहेरून कुणी सांगितल्याशिवाय सोडताच येत नाही का? वर्षं किती झाली, यानं काही फरक पडतो का?

उत्तराची घाई नाही. यशस्वी हो.

मामा


१ मार्च

तीर्थरूप मामास, साष्टांग नमस्कार. आणि मागच्या वेळचा एक.

सत्तावीस तारीख झाली. निकाल नाही. दोन आठवड्यांत कळवतो म्हणाले, म्हणजे काय ते तुला माहीत असेलच. काय झालं ते तसंच्या तसं लिहिते.

मुख्य बाई साठीच्या आतबाहेर असतील. पांढरे केस अगदी बारीक कापलेले. टेबलावर नुसती एक कोरी वही. इकडचं तिकडचं विचारलं, माझी अकरा मिनिटांची ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. मग वही बाजूला सारली आणि तो प्रश्न आला. मी घडाघडा सुरू केलं : माझ्या एका सहकाऱ्यानं, शेजारी शेजारी दोन खिडक्या, चौदा गोदामं, साडेतीन तास. कसं सावरलं तेही सांगितलं. खिडक्यांना आता वेगवेगळे रंग द्यायला हवेत, काही पुसून टाकणाऱ्या आज्ञेआधी दोन माणसं हवीत, सगळं नीट जमलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

मग त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. आणि त्या माणसाचं पुढे काय झालं?”

मामा, याची तयारी आपण दोघांनीही केली नव्हती. त्याला कामावरून काढलं म्हणावं तर मी काय केलं, गप्प बसले? नाही काढलं म्हणावं तर ते खोटं. मी तयार केलेल्या त्या बिचाऱ्या सहकाऱ्याची मलाच दया यायला लागली. बाई थांबून राहिल्या. भिंतीकडच्या बाकावरचं कुणी गप्प बसावं आणि तुझ्या मास्तरांनी थांबून राहावं, तसं.

मी म्हटलं, “ती इथं तुमच्यासमोर बसल्ये. तिला राजीनामा द्यायला सांगितला. आणि आत्तापर्यंत ती तुमच्याशी खोटं बोलत होती.”

त्यांनी वही पुढे ओढून दोन ओळी लिहिल्या. मग एवढंच विचारलं, की आधी का नाही सांगितलंत. मी म्हटलं, भीती वाटली. मग हाक आणि ओ कुठून शिकलात ते विचारलं, कारण लिहिणाऱ्यानं ते सांगितलं होतं. तेव्हा मी तुझी आणि तुझ्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. तो एकदाच हाक द्यायला कसा विसरला आणि अर्धं गाव कसं मुकं झालं. आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्यांचं पुढे काय झालं?

मला माहीत नव्हतं. तू त्याच्याविषयी इतकं बोलतोस, पण त्या दिवसापुढे कधी जातच नाहीस. तिथं ‘असो’ येतं. काय झालं मामा त्याचं?

मी मात्र गेल्यात जमा आहे. खोटं बोलून मग खरं बोलले, म्हणजे दोन्हीकडून गेले. वाचनालयात एका आजोबांनी विचारलं, पेपर कसा गेला. मी म्हटलं, शेवटचा प्रश्न अवघड होता.

तुझी
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी,

अठरा दिवस उत्तर लिहिलं नाही. तू काळजीत असशील. चार कागद फाडले. हा पाचवा, आणि हा फाडायचा नाही असं ठरवून सकाळी दहाला बसलो आहे.

तो हाक द्यायला विसरला नव्हता.

त्यानं पाटीखाली बोट ठेवून स्वच्छ म्हटलं होतं, रांग सात. त्याचा आवाज खणखणीत होता, ऐकू न येण्यासारखा नव्हताच. मी ओ दिली नाही. खोलीला वरच्या बाजूला एक लांबट खिडकी होती. तिच्यातून मांडण्यांवर ऊन पडलं होतं आणि स्विचच्या आवाजात मला चाल सापडली होती. मी मनात कवितेच्या ओळी जुळवत होतो, भिंगरे. दुसरी ओळ जमत नव्हती. ओ न देताच हात पुढे गेला आणि शेजारच्या रांगेचा फ्यूज उपसून मोकळा झाला. कळलं कसं? आवाज थांबला. अर्धे हरभरे पडायचे बंद झाले.

चौकशीला एक साहेब आले. आम्हां दोघांना टेबलापुढे उभं केलं आणि विचारलं, फ्यूजवर हात कुणाचा होता. मी बोलणार होतो. हे वाक्य मी एकेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, की मी बोलणार होतो. त्याआधी तो म्हणाला, माझा. साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना निबचा आवाज होत होता. तेवढ्या वेळात एखाद्याला दहा वेळा खरं सांगता आलं असतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “एकालाच जायचं होतं. तुझ्या बहिणीची परीक्षा आहे. माझ्याकडे कुणाची नाही.”

ती बहीण म्हणजे तुझी आई. तिला हे माहीत नाही.

त्याची बदली डोंगराकडच्या एका छोट्या एक्स्चेंजला झाली. एकच खोली, एकच माणूस. म्हणजे हाक द्यायला तो आणि ओ द्यायला कुणी नाही. पुढे मला पर्यवेक्षकाची खुर्ची मिळाली, आणि ती त्याच्या वाट्याची होती हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचेना, मग लाज वाटली, मग लाजेची सवय झाली. आणि हळूहळू गोष्ट सांगता सांगता मी त्याची हाकच पुसून टाकली. तुला पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हा ते खोटं आहे हे मला क्षणभर आठवलंसुद्धा नाही. नंतर आठवलं. मग तुला सल्ला देताना चांगलंच आठवत होतं, तरीही दिला. सहकाऱ्याचं काय जाणार, असं लिहिलं होतं मी. ते कुणी लिहावं.

तुला भीती वाटली, तरी तू पाच मिनिटांत खरं सांगितलंस. ही जागा तुला मिळाली नाही तर ते माझ्या सल्ल्यामुळे, हे मनाशी धरून बसलो आहे. बाईंनी तुला विचारलेला प्रश्न माझ्याकडे टपालानं आला एवढंच.

निवृत्त लोकांच्या कचेरीत जाऊन त्याचा पत्ता काढला. कारकुनानं रजिस्टर चाळत विचारलं, नातेवाईक का? मी म्हटलं, जोडीदार. काल त्याला पत्र टाकलं. चारच ओळी आहेत. कविता नाही.

तू माझ्यावर रागावलीस तर रास्त आहे. पण निकाल कळव. टपालाच्या वेळेला मी दिव्याकडे बघत असतो.

मामा


२६ मार्च

मामा,

रागावले. दोन दिवस रागावले होते. तुझ्यावर नाही, तू सांगितलेल्या त्या गोष्टीवर, कारण लहानपणापासून मी ती ऐकत आल्ये आणि दर वेळी मनात म्हणायचे, काय वेंधळा माणूस. त्याला मी एकदाही भेटले नाही, तरी मला त्याची माफी मागावीशी वाटते.

मग निकाल आला. मिळाली. पहिल्या तारखेपासून.

मुख्य बाईंनी स्वतः फोन केला. मी वाचनालयाच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. म्हणाल्या, तुम्ही पहिल्यांदा खोटं बोललात त्यामुळे आमच्यातल्या दोघांचं मत नाही होतं. माझंही निम्मं नाहीच होतं. पण या जागेसाठी आलेल्या बाकी सगळ्यांच्या सहकाऱ्यांनी घोळ घातला होता, आणि त्यांतल्या एकालाही त्या सहकाऱ्याचं पुढे काय झालं ते सांगता आलं नाही. सहा महिने खऱ्या मशीनवर एकटीनं हात लावायचा नाही, कुणीतरी ओ द्यायला हवं. मी म्हटलं, चालेल. खरं तर मला तेच हवं होतं.

घरी जाऊन आईला एका दमात सगळं सांगितलं. ती पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, “मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं. नोकरीत होतीस तेव्हा निम्मा डबा परत यायचा. आता चाटूनपुसून येतो. काम असणाऱ्याला एवढी भूक कुठून लागेल?” मग म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले होते. आणि मग मात्र रडली.

तुझं मी तिला काही सांगितलं नाही. ते तुझं तू सांग. परीक्षा तिची होती, तिला कळायला हवं.

कार्डात तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहिलं. सोडायला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं, हे खरं. वर्षांनी काही फरक पडत नाही, हेही खरं. पण सोडलं की सगळीच्या सगळी जागा त्याच क्षणी मोकळी होते. हळूहळू नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्याचं उत्तर आलं का?

भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस, अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिंप्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला समजलं काही नाही पण पोरगी हुशार दिसते. मी तुझ्या आईलाही लिहिलं, सगळं. तिचं उत्तर कालच आलं. पहिली दोन पानं ओरडा आहे. तिसऱ्यावर विचारलंय, ते जोडीदार अजून असतील का, त्यांना काय आवडतं.

ते मलाही ठाऊक नाही. उत्तर आलेलं नाही. काल अठरा दिवस पुरे झाले. मी तुला अठरा दिवस वाट पाहायला लावली होती, त्याची फेड होते आहे असं समजतो. डोंगरातलं टपाल हळू चालतं असं पहिले आठ दिवस म्हणत होतो, आता म्हणत नाही. पत्ता जुना असेल. किंवा पत्र पोचलं असेल आणि त्यानं ते वाचून बाजूला ठेवलं असेल. तो हक्क त्याचा आहे. त्याच्या दोन पत्रांना मी तेच केलं होतं. दिव्याकडे पाहणं मात्र सुटत नाही. काल दोनदा लागला. एकदा पोस्टमन, एकदा वीजमीटर वाचणारी बाई. तिच्याकडे मी इतक्या आशेनं पाहिलं की ती म्हणाली, आजोबा, बिल कमीच आहे.

तू पहिले दिवस कसे गेले ते लिही. ओ कोण देतं? तो टोपण चावणारा देत असेल तर त्याला म्हणावं, आधी टोपण काढ.

आता दहा वाजायला आले आहेत आणि माझे हरभरे

मध्येच थांबलो. समोरच्या फुटपाथवरून एक म्हातारा आला आहे. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या फाटकातून आत आला. पोस्टमन नाही. ओळखीचाही वाटत नाही, पाठीत पार वाकलेला आहे. दारापाशी येऊन उभा राहिला आहे. मी खिडकीच्या आत, तो हातभर अंतरावर, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नाही. दारावरच्या घराच्या नंबराकडे आहे.

दिवा लागलेला नाही. त्यानं बेल दाबलेलीच नाही.

त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून नंबराशी ताडून पाहिलं. पाकिटावरचं अक्षर माझं आहे. आता त्यानं नंबराच्या पाटीखाली बोट ठेवलं आहे आणि ओठ हलताहेत. मला ऐकू येत नाही, पण काय म्हणतो आहे ते कळतं. नंबर मोठ्यानं वाचतो आहे. एकदा वाचला. थांबला. पुन्हा वाचला.

आता तो नुसता उभा आहे. बेल त्याच्या बोटापासून चार अंगुळांवर आहे, पण तो तिला हात लावणार नाही. ओ आल्याशिवाय तो कधीच हात लावत नसे.

पत्र इथंच ठेवतो, भिंगरे. ओ द्यायला जातो.